पुण्याच्या संगमावरचे इंग्रज वकील: ऑक्झिंडनपासून एल्फिन्स्टनपर्यंत

प्रश्न असा आहे: मराठ्यांच्या दरबारात इंग्रजांचे वकील, म्हणजे राजदूत, कधीपासून राहू लागले, ते कोण कोण होते, त्यांचे नेमके काम काय असे, आणि मराठ्यांनी आपले वकील मुंबईला, कलकत्त्याला किंवा थेट लंडनला का पाठवले नाहीत?

पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे आणि पुणे रेसिडेन्सीचा (कंपनीच्या कायम वकिलाच्या, म्हणजे रेसिडेंटच्या, कचेरीचा) इंग्रजी पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्नाच्या शेवटच्या भागात जे गृहीत धरले आहे ते मात्र बरोबर नाही. मराठ्यांनी वकील पाठवले होते, लंडनलाही पाठवले होते. उणीव दुसरीकडे होती.

सुरुवात शिवाजी महाराजांपासून करावी लागते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली. त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैदेत टाकले. त्या लुटीची भरपाई मागण्यासाठी पुढची बारा-तेरा वर्षे इंग्रजांच्या खेपा चालू राहिल्या. १६७२ मध्ये लेफ्टनंट उस्टिक येऊन गेला, १६७३ मध्ये टॉमस निकल्स रायगडावर गेला आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन. महाराजांकडून भीमाजी पंडितही मुंबईला जाऊन बोलणी करत होते. म्हणजे वकिलांची ये-जा पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी होती.

ऑक्झिंडनची वकिली सगळ्यांना ठाऊक असते ती राज्याभिषेकामुळे. तो पाचाडला पोचला तेव्हा महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, त्यामुळे त्याला काही दिवस गडाच्या पायथ्याशी थांबावे लागले. बोलणी निराजी पंडितांमार्फत झाली आणि दुभाष्याचे काम नारायण शेणवी यांनी केले. ६ जूनचा सोहळा पाहून त्याने लिहिलेल्या वर्णनात राजवाड्याच्या दाराशी उभे असलेले हत्ती पाहून, हे इतक्या अवघड वाटेने वर आले कसे, असे त्याने नवल केले आहे. पण अभ्यासकाने त्या वर्णनापेक्षा १२ जूनच्या तहाची कलमे आधी वाचावीत. व्यापाराची परवानगी आणि राजापूरच्या भरपाईचे दहा हजार होन महाराजांनी कबूल केले. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याचे कलम मात्र या मुलखाचा जुना रिवाज सांगून नाकारले. आपल्याकडे आलेल्या परक्या वकिलाला कोणत्या कलमावर हो म्हणायचे आणि कोणत्या कलमावर नाही, हे इथे पूर्णपणे दरबाराच्या हातात होते. पुढच्या दीडशे वर्षांत हीच गोष्ट हळूहळू हातातून कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे.

त्यानंतरचे मोठे वर्ष १७३९. चिमाजी आप्पांनी मे महिन्यात वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रज धास्तावले. त्यांनी एकाच वेळी दोन माणसे पाठवली: कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन विल्यम गॉर्डन शाहू छत्रपतींकडे. इंचबर्डने जुलैत तह करून घेतला. गॉर्डनचे काम अधिक नाजूक होते. बाजीरावांच्या वाढत्या जोराबद्दल छत्रपतींच्या दरबारात मत्सर किती आहे आणि त्याचा उपयोग करता येईल का, हे त्याला चाचपायचे होते. मराठ्यांची घरातली दुफळी हे इंग्रज वकिलाच्या कामाचे पहिले कलम इथून झाले आणि ते शेवटपर्यंत राहिले. १७५६ मध्ये बायफिल्ड आणि स्पेन्सर यांनी पुण्यात नानासाहेबांशी तह केला, १७५९ मध्ये प्राइस येऊन गेला. या वकिल्या थोड्या मुदतीच्या होत्या, काम झाले की माणूस परत जाई.

टॉमस मॉस्टिनपासून चित्र बदलते. १७६७ च्या अखेरीस तो थोरल्या माधवरावांकडे आला. त्याच वेळी त्याचा सहकारी चार्ल्स ब्रोम याला नाशकाला रघुनाथरावांकडे धाडले होते. काका-पुतण्याच्या भांडणाची दोन्ही टोके एकाच वेळी हाताळण्याची ही योजना. माधवरावांनी मॉस्टिनला आदराने वागवले आणि काही हाती लागू दिले नाही. ऑक्टोबर १७७२ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी राहण्यासाठी. कंपनीच्या लंडनच्या संचालकांना साष्टी (ठाण्याचे बेट) आणि वसई हवी होती, आणि त्यासाठी पुण्यात कायम माणूस हवा होता. महिन्याभरातच, १८ नोव्हेंबरला, थेऊरला माधवरावांचे निधन झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा इंग्रजांचा वकील शहरात हजर होता आणि मुंबईला खबरा पोचवत होता. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्यामागे या दोन वर्षांच्या खबरा होत्या. पेशव्यांच्या दरबारात ज्याला पाहुणा म्हणून जागा दिली होती त्याच्या पत्रांवरून स्वारी ठरली, हे मला या इतिहासातले फार महत्त्वाचे वळण वाटते.

१७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबांशी (रघुनाथरावांशी) सुरतेला तह केला. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्याने कलकत्त्याला वरचढ अधिकार मिळाले होते, त्यामुळे कलकत्त्याने तो तह झिडकारला आणि आपला माणूस, कर्नल अप्टन, थेट पुरंदरावर पाठवला. सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्याशी त्याने १ मार्च १७७६ रोजी तह केला. मुंबईकरांना तो तह पसंत नव्हता. दोन इंग्रज कचेऱ्यांमधल्या या भांडणाचा फायदा नानांनी चांगला घेतला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत पुण्यात आला, तेव्हा नानांनी त्याला थाटात ठेवून घेतले, इंग्रजांना पुरेसे घाबरवले आणि पुढच्या वर्षी वाटेला लावले. नानांचे कौशल्य अशा वेळी दिसते. मॉस्टिन या काळात पुन्हा पुण्यात होता. नंतर तो इंग्रजी फौजेबरोबर बोरघाटाकडे निघाला, वाटेत आजारी पडला आणि जानेवारी १७७९ च्या सुरुवातीला मुंबईत वारला. त्याच महिन्यात त्या फौजेने वडगावला हत्यार ठेवले.

हे युद्ध संपवणाऱ्या १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे मध्यस्थ आणि जामीन होते. त्यामुळे इंग्रजांचा वकील महादजींच्या छावणीत राहू लागला आणि पेशव्यांशी बोलायचे ते महादजींमार्फत, अशी रीत पडू लागली. नानांना ती खटकत होती. पुण्याला स्वतंत्र वकील येणे महादजींना नको होते. म्हणून १७८५ मध्ये चार्ल्स वॉर मॅलेट या नव्या वकिलाला आधी उत्तरेत महादजींकडे जाऊन त्यांची समजूत घालावी लागली, मग कलकत्त्याहून हुकूम घेऊन तो मार्च १७८६ मध्ये पुण्यात दाखल झाला. तो याआधी खंबायतला कंपनीचा रेसिडेंट होता, फारसी जाणत होता आणि कामाला चिवट होता. आता त्याला हुकूम मुंबईचा नव्हता, गव्हर्नर जनरलचा होता.

मॅलेट अकरा वर्षे टिकला, आणि पुण्याची रेसिडेन्सी म्हणून जी संस्था आपण ओळखतो ती त्याने उभी केली. शहरातली जागा त्याला सोयीची वाटली नाही, त्याने मुळा-मुठेच्या संगमावर जागा मागितली आणि ती मिळाली. आजच्या संगम पुलाच्या परिसरात बंगला, बाग, कचेरी, शिपायांचे तळ असा पसारा वाढला. मदतनीस, डॉक्टर, फारसी मुनशी, हरकारे, पहाऱ्याची पलटण असे सगळे त्याच्या दिमतीला. दरबाराकडून त्याच्याशी बोलायला बहिरोपंत मेहेंदळे नेमले होते. नानांना भेटायचे असले तरी आधी बहिरोपंत, नजराण्याची बाब असली तरी बहिरोपंत. ही रीत दरबाराच्या फायद्याची होती, कारण परका वकील थेट कोणाच्याही घरी जाऊन बसू शकत नव्हता.

तो आला तेव्हा नाना आणि निजाम टिपूविरुद्ध बदामीकडे निघाले होते, तर मॅलेटही छावणीत गेला. इंग्रजांनी त्या वेळी टिपूशी लढायला नकार दिला. चार वर्षांनी गरज इंग्रजांना लागली आणि जून १७९० मध्ये पेशवे, निजाम आणि कंपनी असा त्रिवर्ग तह झाला. त्या प्रसंगाचे सवाई माधवरावांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्यासाठी पुण्यात बसून माणसांचे अभ्यास केले आणि तो वारल्यावर टॉमस डॅनिएलने चित्र पुरे केले. मॅलेटला या तहाबद्दल इंग्लंडात बॅरोनेटचा किताब मिळाला.

रेसिडेन्सीतल्या माणसांची आणखी एक हकिगत सांगतो, कारण ती राजकारणाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. कावसजी नावाच्या इंग्रजी फौजेच्या बैल हाकणाऱ्याचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ते रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी, क्रूसो आणि फिंडले यांनी, डोळ्यांनी पाहिले, वेल्सने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात हकिगत छापून आली. तिच्या आधारे १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने ती शस्त्रक्रिया करून दाखवली. शनिवारवाड्यात वेल्सच्या मार्गदर्शनाखाली चित्रशाळा चालली आणि गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताची चित्रे मॅलेटच्या संग्रहातून पुढे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात गेली. वकिलातीतून फक्त हेरगिरीच होते असे म्हणणाऱ्यांनी हे कागदही वाचावेत. मात्र ज्ञानाची ही वाहतूक एकाच दिशेने झाली, याची मला आजही हळहळ वाटते. पुण्याच्या माणसाची कला लंडनच्या डॉक्टरने शिकून घेतली, तेव्हा लंडनची छापखान्याची किंवा नकाशाची विद्या पुण्याने मागून घ्यायला काहीच हरकत नव्हती.

मॅलेट १७९७ च्या सुरुवातीला गेला. उथॉफने काही काळ काम पाहिले आणि १७९८ मध्ये कर्नल विल्यम पामर आला. तो आधी शिंद्यांकडे वकील होता, इथल्या चालीरीतींत मुरलेला आणि दरबाराशी आपुलकीने वागणारा. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस गेले तेव्हा मराठी राज्यातले सारे शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला, या अर्थाचे प्रसिद्ध वाक्य पामरचे आहे. पण गव्हर्नर जनरल वेलस्लीला पेशव्यांच्या गळ्यात तैनाती फौज बांधायची होती, आणि त्यासाठी पामर पुरेसा कठोर नव्हता. टिपूच्या शेवटच्या लढाईच्या वेळी पुण्यात आलेले टिपूचे वकील घालवून द्या, असा तगादा पामरने लावला आणि दरबाराने तो लांबवला. वेलस्लीच्या डोळ्यांत हे सलत राहिले.

१८०१ मध्ये पामरच्या जागी म्हैसूरहून बॅरी क्लोज आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पळाले. संगमावर निशाण लावून क्लोज तसाच बसून राहिला. होळकरांनी त्याला हात लावला नाही, उलट मध्यस्थी करा म्हणून विनवले. तो महिनाभर थांबला, मग मुंबईमार्गे वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तह लिहून घेतला. सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार, खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. फौज आणि मुलूख यांची चर्चा सगळे करतात. माझ्या मते तिसऱ्या कलमाने जास्त नुकसान केले.

एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट झाला. पुणे त्याला नवे नव्हते, तरुणपणी तो इथे मदतनीस होता, मग नागपूरला रेसिडेंट, मग काबूलच्या शहाकडची वकिली. त्याने १८१२ मध्ये पंढरपूरला पेशवे आणि जहागीरदार यांच्यात करार घडवून आणला. म्हणजे पेशव्यांचे त्यांच्याच सरदारांशी नाते काय असावे, हे आता परका वकील ठरवत होता. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते, त्यामुळे एल्फिन्स्टनने खुनाचा आळ असलेल्या, पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेतले आणि ठाण्याच्या तुरुंगात ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तिथून निसटले. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला वेढा पडला, सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून मागितले गेले आणि १३ जून १८१७ चा पुणे तह झाला. त्यात असे ठरले की पेशव्यांनी इतर दरबारांत आपले वकील ठेवायचे नाहीत, त्यांचे वकील आपल्याकडे ठेवायचे नाहीत, बोलायचे ते रेसिडेंटमार्फत. ज्या राज्याचे वकील दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंत बसत होते त्याचे डोळे-कान एका कलमाने काढून घेतले. त्यानंतरचे ५ नोव्हेंबरचे खडकीचे युद्ध, त्या दिवशी जळालेली संगमावरची रेसिडेन्सी आणि एल्फिन्स्टनची ग्रंथसंपदा, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर चढलेले निशाण हे सारे आपल्याला माहीत आहे.

इतर मराठी दरबारांतही हीच मालिका होती. नागपूरला जॉर्ज फॉर्स्टर, कोलब्रुक, एल्फिन्स्टन, जेनकिन्स. बडोद्याला १८०२ पासून वॉकर. शिंद्यांकडे अँडरसन बंधूंपासून पुढे बरेच. साताऱ्याला १८१८ नंतर ग्रँट डफ, ज्याचा मराठ्यांचा इतिहास त्या खुर्चीत बसून जमवलेल्या कागदांवर उभा आहे.

आता मराठ्यांच्या वकिलांकडे येतो. ते कमी नव्हते आणि कच्चे तर मुळीच नव्हते. दिल्लीला हिंगणे घराण्याने पिढ्यान्पिढ्या वकिली केली, हैदराबादला गोविंदराव काळे होते, कलकत्त्याला लाला सेवकराम होता. काळ्यांची नानांना आलेली पत्रे वाचा: कोण काय बोलला, कोणत्या सुरात बोलला, बोलताना कोणाकडे पाहिले, सगळे येते. इतके बारीक वाचन मॅलेटच्या पत्रांतही सापडत नाही. राघोबांनी तर १७८१ मध्ये हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला एका पारशी साथीदारासह लंडनला पाठवले होते. तिथे एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवले आणि त्यांना सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून स्वतंत्र जागा दिली. पण ते एका पक्षाचे वकील होते, राज्याचे नव्हते. ते परत आले आणि त्यांनी पाहिलेले लंडन पुण्याच्या दप्तरात उतरले नाही.

उणीव म्हटली ती हीच. काळ्यांची पत्रे नानांना जात होती. मॅलेटची पत्रे कचेरीला जात होती, आणि एकेका पत्राच्या नकला कलकत्ता, मुंबई, मद्रास, हैदराबाद अशा ठिकाणी पोचत होत्या. मॅलेट गेला, उथॉफ आला, पामर आला, क्लोज आला, तरी नव्या माणसाला आधीच्या माणसाचे सारे माहीत असे. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांना दगा करून कैद केले गेले, तेव्हा मात्र पुण्याची बातमीदारी त्या माणसाबरोबरच कैदेत गेली. शिवाय दरबाराने इंग्रजी वाचणाऱ्या कारकुनांची फळी कधी तयार केली नाही. व्यवहार फारसीतून, नाहीतर दुभाष्याच्या तोंडून. कलकत्ता आणि मुंबई यांचे भांडण नानांनी ओळखले, पण लंडनचे पार्लमेंट कंपनीला कसे बांधते आहे हे वर्षानुवर्षे कळवणारा आपला माणूस तिथे नव्हता.

असा माणूस अखेरीस गेला, तो राज्य बुडाल्यावर. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. त्यांनी इंग्रजी शिकून घेतले, कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये बाजू मांडली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठले, पत्रके छापली. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, पुढच्या वर्षी सातारा खालसा झाले, तरी त्यांनी काम सोडले नाही. परत आल्यावर १८५७ च्या धामधुमीत ते बेपत्ता झाले आणि त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला. अशी चिकाटी १७८६ मध्ये नानांच्या हाताशी लंडनमध्ये असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला निरर्थक वाटत नाही, कारण माणसे होती, पैसा होता आणि हणमंतरावांची वाटही पडलेली होती.

आपल्याला स्वतः कागद वाचायचे असतील तर १७८६ ते १७९० या वर्षांपासून सुरुवात करा. मॅलेटची छापलेली इंग्रजी पत्रे आणि त्याच महिन्यांतली नाना व काळे यांची मराठी पत्रे तारखेवार लावा. मराठी कागदांत त्याचे नाव बहुधा मालिट असे येते आणि एल्फिन्स्टनचे अलपिष्टन, हे लक्षात ठेवले नाही तर सूचीत काहीच सापडत नाही. इंग्रजी पत्रांत बहिरोपंतांचे नावही अनेक तऱ्हेने लिहिलेले आहे. हिजरी, शक आणि इसवी तारखांचा ताळा आधी घाला, कारण एकाच भेटीच्या दोन हकिगती दोन-चार दिवसांच्या चुकीने वेगळ्या भेटी समजल्या जातात.